तुम्ही विचारलंत म्हणून : थंडीतले वाचन, त्वचेची निगा आणि भोगीचे ताट

सध्या काय वाचता आहात, थंडीत चेहऱ्याला काय लावता आणि नाशिकला आलो तर काय खायचे, हे तीन प्रश्न मला बहुधा एका दमात विचारले जातात. विचारणाऱ्या कधी पुण्यामुंबईच्या भाच्या असतात, तर कधी वाचनालयात पुस्तक बदलताना भेटणाऱ्या मैत्रिणी. उत्तर देताना मी एकच कसोटी लावते. जे पुस्तक दुसऱ्यांदा हाती घेतले, जी बाटली संपल्यावर तीच पुन्हा आणली आणि जो पदार्थ मागून वाढून घेतला, तेवढ्याचीच शिफारस करायची.

उशाशी सध्या लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आहे. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे इथल्या वाचकाला त्या घरच्या वाटतात, यात नवल नाही. सोवळ्याओवळ्याने पछाडलेले वडील आणि बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट हे सारे त्या इतक्या प्रसन्नपणे सांगतात की आधी हसू फुटते, आणि त्या घरातल्या बायकांना केवढे कष्ट पडले असतील, हे पान उलटल्यावर ध्यानात येते. अकराव्या वर्षी झालेले लग्न, कवी नारायण वामन टिळक या तापट पण तितक्याच उदार नवऱ्याबरोबरचा संसार, १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट आणि १९०० मध्ये स्वतः विचारांती उचललेले तेच पाऊल, एवढे सगळे सोसलेल्या बाईच्या लेखनात रडगाणे कुठेही नाही. पहिल्या वाचनात मी गोष्टीमागे धावले होते. या वेळी वाक्यांपाशी थांबते आहे. ती छोटी आहेत, समोर बसून बोलल्यासारखी आहेत, आणि राग असो वा माया, दोन्ही त्यांत सारख्याच सहजतेने येतात. जुने मराठी गद्य जड जाते असे म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की, रोज रात्री थोडे मोठ्याने वाचा, घरातली इतर माणसे आपोआप येऊन बसतील.

त्याच्या जोडीला बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा कथासंग्रह पुन्हा काढला आहे. बागुलही नाशिकजवळच्या विहितगावचे. भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवणाऱ्या रेल्वेतल्या तरुणाची शीर्षककथा आजही अंगावर येते, आणि घर शोधणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असे मला वाटते. ही दोन्ही पुस्तके विकत घ्यावीत अशीच आहेत. पण आधी चाळून पाहायची असतील, तर १८४० साली स्थापन झालेले आमचे सार्वजनिक वाचनालय आहेच.

आता त्वचेबद्दल. आमच्या नाशिकजवळच्या निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की गालावर पांढरे पापुद्रे दिसू लागतात आणि टाचांना भेगा पडतात. महागड्या सीरमपेक्षा मला साध्या ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझरचा गुण अधिक आला, मात्र ते आंघोळीनंतर लगेच, त्वचा ओलसर असतानाच लावायला हवे, म्हणजे आतला ओलावा टिकून राहतो. आंघोळीचे पाणीही कढत नको. टाचांसाठी कोकमाच्या बियांचे तेल आणते. ते थंडीत गोळ्यासारखे घट्ट असते. रात्री चमच्यात किंचित गरम करून लावावे आणि वर सुती मोजे घालावेत. सनस्क्रीन निवडताना एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या, आकड्यामागे धावू नये, कारण एसपीएफ ३० त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, तर ५० सुमारे ९८ टक्के. खरा फरक पडतो तो पुरेसे लावण्याने आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावण्याने. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली तर भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात.

खाण्याच्या बाबतीत नाशिक म्हटले की मिसळ, आणि ती खावीच. काळ्या मसाल्याची, वर पापड, शेजारी दही. परंतु जानेवारीत येणार असाल, तर माझे ठाम मत असे की भोगीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी जेवा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी होणारे खेंगट, म्हणजे ओल्या दाण्यांची आणि भाज्यांची मिश्र भाजी, कोणत्याही हॉटेलात तसे मिळत नाही. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे आणि पावटा शिजायला वेळ घेतात, म्हणून ते आधी फोडणीत परतून झाकण ठेवून वाफवायचे, मग गाजर, त्यानंतर वांगी, आणि बोरे व उसाचे करवे अगदी शेवटी, म्हणजे बोरे फुटून रश्श्यात विरत नाहीत. भाजलेल्या तिळाचे आणि शेंगदाण्याचे कूट जाडसरच हवे. त्यानेच रस्सा दाटतो, आणि काळा मसाला हात आखडता घेऊन घातला तरच दाण्यांची गोडी कळते. सोबत बाजरीची भाकरी : थापून झाली की वर तीळ पेरून बोटांनी हलकेच दाबायचे. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने पीठ लवकर कडू पडते, म्हणून थोडे थोडे दळून आणावे. भाकरीवर लोण्याचा गोळा असला म्हणजे दुसरे काही लागत नाही.

द्राक्षांची घाई मात्र करू नका. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड तयार व्हायला साधारण चार महिने लागतात, त्यामुळे शहराभोवतालच्या बागांतला माल फेब्रुवारीत खरा गोड होतो. मण्यांवरचा पांढुरका थर औषधाचाच असतो, असे समजून काही जण घड तिथेच ठेवून देतात. पुष्कळदा तो फळाचा नैसर्गिक मेणचट लेप असतो, तरीही खाण्यापूर्वी घड पाण्याने नीट धुवावा, हे उत्तम. विकत घेताना घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखून पाहा. तो सर्वांत उशिरा पिकतो. तो गोड लागला की वरचा सारा घड गोड आहे, असे समजून निर्धास्त घ्या.