स्कियन डूची पोर्सेलिन मूठ: तिसऱ्या खेपेची नोंद

स्कॉटलंडच्या हायलँड पोशाखात मोज्याच्या काठात खोचायचा हा छोटा सुरा. पारंपरिक मूठ काळ्या लाकडाची किंवा शिंगाची, टोकाला केर्नगॉर्मचा, म्हणजे धुरकट-मधाळ क्वार्ट्झचा खडा. पहिल्या दोन खेपांत 90 मिमीची अख्खी मूठ पोर्सेलिनची होती. दोन्ही खेपांत ती मध्यावर, पात्याचे शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारी पात्याची अरुंद दांडी, जिथे संपते तिथेच तडकली. लांब, पोकळ आणि वाकवणारा जोर अंगावर घेणारी वस्तू पोर्सेलिनला मानवत नाही. दाब कितीही द्या, ताण देऊ नका.

मोज्याबाहेर दिसतो तो फक्त मुठीचा वरचा भाग. म्हणून या खेपेत वरचे 38 मिमी पोर्सेलिन, खाली ब्लॅकवुड हे काळे लाकूड, आणि स्टीलचे शेपूट दोन्हींतून आरपार. हे आधीच सुचायला हवे होते.

माप: कोन 6 ला (भट्टीतल्या उष्णतेचे माप, साधारण 1220 अंश) ही माती 12 टक्के आटते. 38 ला 0.88 ने भागा, ओला तुकडा 43.2 मिमी. 38 मध्ये 12 टक्के मिळवले तर 42.6 येतात आणि तुकडा भट्टीतून अर्धा मिलिमीटर आखूड निघतो. लाकडाशी सांधा तिथेच फसतो. भोकही आटते, मोठे होत नाही. पक्के 7 मिमी हवे तर ओल्यात 8 पाडा. आत स्ट्रॉ किंवा काडी ठेवून वाळवू नका, माती तिच्याभोवती आवळली जाऊन उभी चीर पडते. माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर ड्रिलचे पाते हातानेच फिरवावे. भिंत सगळीकडून किमान 5 मिमी.

काळा रंग मातीतच, 8 टक्के काळा स्टेन, म्हणजे भाजणीत टिकणारी रंगाची पूड. त्यात मँगनीज असेल तर भट्टीच्या खोलीत हवा खेळती हवी. मुठीवर कोरायची विणीची नक्षी 1 मिमी खोल, तळ गोलसर. टोकदार खाचेतूनच तडा सुरू होतो. नक्षीवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, अजिबात नको. वितळून खाचांत साचतो आणि विणीचा लगदा होतो. पक्क्या भाजणीनंतर 120, 220, 400 चे डायमंड पॅड, पाण्याखाली. कोरडे घासले तर सिलिकाची धूळ छातीत जाते.

बिस्क, म्हणजे पहिली कच्ची भाजणी, 1000 अंशांना, 600 पर्यंत तासाला 60 अंशांच्या गतीने. 573 ला मातीतला क्वार्ट्झ अचानक फुगतो, तिथे घाई नडते.

खड्याची नक्कल मात्र वेगळ्या, पांढऱ्या मातीवर करावी लागते. काळ्यावर अंबर ग्लेझ नुसता काळाच दिसतो. पारदर्शक ग्लेझमध्ये 5 टक्के लोह ऑक्साइड, बशीसारख्या 1.5 मिमी खोलगट भागात भरून, ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भट्टीत भरपूर हवा ठेवून, भाजले. रंग मधासारखा उतरला. जाड थरात बारीक तड्यांची जाळी आली, पण खड्यातल्या रेषांशी ती बरी मिळते, म्हणून तशीच ठेवली. पैलू पाडलेल्या क्वार्ट्झची चमक मात्र येत नाही. हा घुमटदार मणीच समजावा.

जोडणी: शेपूट खरबरीत करून 24 तासांत घट्ट होणारा इपॉक्सी गोंद. पाच मिनिटांचा नको, भोक भरून होण्याआधीच तो आवळतो. भोक वरून उघडे ठेवावे, नाहीतर अडकलेली हवा इपॉक्सी बाहेर ढकलते. खड्याची टोपी शेवटी चिकटवावी. स्टील पोर्सेलिनपेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते, त्यामुळे भोवती अवकाश हवाच. लाकूड आणि पोर्सेलिन यांच्यामध्ये पातळ चामड्याची चकती. नटाने आवळून बसवण्याचा मोह टाळा.

किल्ट पिनचा, म्हणजे किल्टच्या (हायलँड घागऱ्याच्या) पदराला लावायच्या पिनेचा, 25 मिमीचा पोर्सेलिनचा पदक-तुकडा त्याच भट्टीत भाजला. त्याची कड 45 अंशांत घासल्यावरच चांदीची पट्टी वळवावी. धारदार कडेवर पट्टी दाबली की कपची उडते. चांदीला डाग देण्याचे, म्हणजे तापवून सांधे जोडण्याचे, काम तुकडा बसवण्याआधीच उरकावे. आणि पिन फक्त वरच्या पदराला टोचायची, दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना कापड फाटते.

पुढच्या खेपेत चामड्याऐवजी कॉर्कची चकती.