बडजी आज कोणाकडे?

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. आमच्या घरातले सोने मात्र 1972 च्या दुष्काळात त्याच जळगावच्या सराफाकडे गेले आणि परत आले नाही. पाटल्या मोडल्या, बैलजोडी वाचवली, एवढे सांगून आजी मोकळी होत असे. तिचा जीव अडकलेला असे तो बडजीत.

बडजी म्हणजे भरीत कुटायचे खोलगट लाकडी भांडे. आमची अखंड लाकडातून कोरलेली होती. वर्षानुवर्षांच्या तेलाने आतून काळी तुळतुळीत झालेली, काठाची चीर तांब्याच्या तारेने आवळलेली आणि कितीही धुतली तरी लसणाचा वास न सोडणारी. चंपाषष्ठीच्या सुमारास बामणोदकडची हिरवट वांगी बाजारात आली आणि शेताशेतांत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजली जाऊ लागली, की बडजी घरात ठरत नसे. मग आम्हालाच ती हवी असली, तर आजी मला गल्लीत पिटाळायची, “बडजी आज कोणाकडे आहे, पाहून ये रे.” बडजी रिकामी परत करायची नाही, हा गल्लीचा अलिखित नियम होता; तिच्यात वाटीभर भरीत आणि वर झाकलेली कळण्याची भाकरी असायचीच. “आपण वांगी एकदा घेतो अन् भरीत महिनाभर खातो,” हे आजीचे अर्थशास्त्र मला अजूनही बिनतोड वाटते. कोणाकडे किती तोळे आहेत हे गल्लीत सर्वांना ठाऊक असे, पण श्रीमंती मोजायचीच तर कितीजण हक्काने दार वाजवून वस्तू मागतात, यावरून मोजावी असे माझे मत आहे, आणि त्या हिशेबाने पाटल्या गेल्यावरही आजी गल्लीतली मोठी सावकारीण होती.

या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरीत आता किलोवर विकत मिळते, घरोघरी मिक्सर आहेत आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. आमच्या फ्लॅटमध्ये बडजी दिवाणखान्यात मांडून ठेवली होती, तेव्हा एका पाहुण्याने तिची किंमतही विचारली होती; मला सांगता आली नाही.

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ती संकोचतच मागून नेली. त्यांच्याकडून ती समोरच्यांकडे गेली. काल बायको वांगी घेऊन आली आणि मला जिना उतरून दारोदार विचारत फिरावे लागले.