अख्खी बोट घेतली, ती थांबण्यासाठी

मागच्या वेळी स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघायला, गेले होते ते चाळीसेक जणांच्या मोठ्या बोटीतून. एका जागी पाऊण तास, मग भोंगा, की सगळ्यांनी वर. भोंगा वाजला तेव्हा माझ्या खाली नुकतंच एक कासव येऊन गवत चरायला लागलं होतं. मी शिडीकडे वळले आणि ते तिथंच राहिलं. पुढचं वर्षभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून या वेळी ठरवलं, माणसं कमी, जागा कमी, पण बोट अख्खी आपली घ्यायची. कुठे जायचं यापेक्षा कुठे किती वेळ थांबायचं हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे.

आम्ही चौघं होतो. बाबा 68 वर्षांचे, पोहणारे, पण गुडघा दुखरा. ताईला पोहता येत नाही आणि तोंड पाण्यात घालायची भीती. तिची मुलगी 11 वर्षांची, माशासारखी पोहणारी. आणि मी, साडेचार नंबरचा चष्मा लावणारी.

तिघा बोटवाल्यांशी बोलले. पहिल्याने फोनवर पहिल्याच मिनिटाला सांगितलं, डॉल्फिन नक्की दाखवतो, आणि पाव टाकला की मासे हातावर येतात. मी तिथंच थांबले. पाव हे माशांचं खाणं नव्हे. जे मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात ते पावाच्या मागे लागले की तिथलं शेवाळ वाढत राहतं, शिवाय माणसाच्या बोटांना चावायचीही त्यांना सवय लागते. दुसऱ्याला विचारलं की आमच्याबरोबर पाण्यात कोण उतरणार, तर म्हणाला, "मीच." मग बोटीवर कोण राहणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पाण्यात माणसं असताना रिकामी बोट ही मला न चालणारी गोष्ट आहे.

तिसऱ्याने उलट मलाच प्रश्न विचारले. कोणाला किती पोहता येतं, वयं काय, कोणाला रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास आहे का, चष्मा कोणाला, मुलीचं वजन किती. वजन कशाला, तर लाइफ जॅकेट तिच्या मापाचं हवं म्हणून. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की ते वर सरकून कानांपर्यंत येतं आणि मूल खालून निसटू शकतं. मग मीही माझी यादी काढली: परवान्यावर किती माणसांना मुभा आहे, रेडिओ आहे का, प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, सावली आणि शौचालय आहे का, आणि शिडी पाण्याखाली किती पायऱ्या जाते. हा शेवटचा प्रश्न बाबांच्या गुडघ्यासाठी. दोनच पायऱ्या बुडणाऱ्या शिडीवर दुखरा गुडघा उचलून चढणं फार कठीण जातं. त्याची शिडी चार पायऱ्या खाली जात होती. करारात दोन ओळी होत्या ज्या वाचून मी आगाऊ रक्कम भरली. हवामानामुळे जायचं की नाही हे फक्त कप्तान ठरवेल आणि रद्द झालं तर पैसे परत. आणि दुसरी, प्राणी दिसण्याची हमी नाही.

दिवस त्यानेच सुचवला, अष्टमीचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि प्रवाहही मंद. त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं ती वेळ त्याने धरली होती, कारण तेव्हा बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. बाबांनी लगेच कॅलेंडर काढून त्याची खात्री करून घेतली.

आणि त्या दिवशी पहाटे फोन आला की आज नाही.

आकाश निरभ्र होतं. ताई म्हणाली, "हा टाळतोय गं आपल्याला." मला क्षणभर तसंच वाटलं. कप्तानाने शांतपणे सांगितलं की ऊन आहे हे खरं, पण वारा प्रवाहाच्या उलट आहे. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, स्नॉर्कलच्या नळीत सारखं पाणी जातं आणि पोहता न येणारी व्यक्ती पहिल्या पाच मिनिटांत घाबरते. दोन दिवसांनी जाऊ. भांग अष्टमीनंतर एखाद-दोन दिवस रेंगाळतोच, तेव्हा प्रवाहाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. ज्याने रद्द करायची हिंमत दाखवली त्याच्यावर माझा विश्वास त्या फोननंतरच बसला.

मधल्या दोन दिवसांत मास्कची कामं केली. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. माझ्यासाठी नंबरच्या काचांचा मास्क मिळाला. चष्म्याच्या काड्या मास्कच्या कडेखाली आल्या की पाणी शिरणारच, म्हणून मागच्या वेळी मी चष्म्याविना उतरले होते आणि ते कासव मला एक हिरवट ठिपका म्हणूनच दिसलं होतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने चोळून काढावा लागतो, नाहीतर काही केलं तरी वाफ धरते.

सनस्क्रीनऐवजी चौघांनी लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घेतले. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या तासन्‌तास उन्हात असतात हे लक्षात येत नाही. सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं प्रवाळाला बाधतात म्हणून पॅसिफिकमधल्या पालाऊ या देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून त्यांच्यावर बंदी आणली. कपड्याचा हा प्रश्नच येत नाही, शिवाय गारठाही कमी लागतो. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं, म्हणून कोमट वाटणाऱ्या पाण्यातही तासाभराने दातावर दात वाजतात.

निघायच्या तासभर आधी ताईने डॉक्टरांना विचारून आणलेली बोट लागण्याची गोळी घेतली आणि बोटीत मध्यावर, क्षितिजाकडे तोंड करून बसली. निघण्यापूर्वी कप्तानाने दहा मिनिटं नियम सांगितले. डोक्यावर हात ठेवला की मी ठीक आहे. हात हलवला की मदत हवी आहे, म्हणून गंमत म्हणून कोणीही हात हलवायचा नाही. आणि इंजिन पूर्ण बंद करून तो स्वतः "या" म्हणेपर्यंत शिडीजवळ यायचं नाही. इंजिन न्यूट्रलमध्ये असलं तरी पंखा फिरू शकतो. हे त्याने भाचीकडून दोनदा म्हणवून घेतलं.

वाटेत डॉल्फिन दिसले. स्पिनर डॉल्फिन, पंधरा-वीस तरी असतील. दोन बोटी आधीच त्यांच्या मागे लागल्या होत्या. आमच्या कप्तानाने वेग उतरवला आणि बराच लांब, त्यांच्या दिशेला समांतर राहिला.

"मावशी, आपण जवळ का नाही जात?"

खरं सांगते, मलाही जायचं होतं. कप्तानाने इंजिन बंद करून तिला समजावलं. हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ पाण्यात येऊन विसावा घेतात. झोपतात तेही अर्ध्या मेंदूने, दुसरा अर्धा श्वास घ्यायला आणि धोका बघायला जागा ठेवून. दिवसभर बोटी मागे लागल्या तर त्यांची झोप होत नाही. हवाईत 2021 पासून या डॉल्फिनच्या 45 मीटरच्या आत जायला कायद्यानेच मनाई आहे. आम्ही बसून राहिलो. पाचेक मिनिटांनी त्यातले तीन आपणहून आमच्याकडे वळले, बोटीच्या टोकाखालून गेले आणि पुन्हा कळपात मिसळले. आम्ही त्यांच्याबरोबर पोहलो नाही. भाची गप्प बसली होती, पण नंतर तिनेच त्या दोन बोटी किती वेळ पाठलाग करत होत्या ते मोजलं.

प्रवाळाच्या जागी बोट बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधली. नांगर टाकला असता तर त्याची साखळी एका फेऱ्यात प्रवाळाचा चुरा करते, आणि मोठं, गोलसर दगडासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं.

बाबांच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. कारण मिशी. आमच्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या गाइडने सुचवलं की नाकाखालची बारीकशी पट्टी काढली तर मास्क नीट बसेल. चाळीस वर्षांची मिशी. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग गाइडला म्हणाले, "वस्तरा आहे?" बोटीच्या पेटीत होता. दोन मिनिटांत काम झालं आणि त्यानंतर त्यांच्या मास्कमध्ये थेंब आला नाही.

ताईला गाइडने अर्धा तास दिला, एकटीला. आधी शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहून, हात शिडीला घट्ट, फक्त तोंड पाण्यात आणि तोंडाने दहा श्वास. मग वर. मग वीस. मोठ्या बोटीत हा अर्धा तास तिला कुणी दिला नसता. पहिल्या दोन वेळा ती धडपडून वर आली. तिसऱ्या वेळी वर आलीच नाही. मी जवळ गेले तर तिचा श्वास नळीतून संथ, एका लयीत येत होता. नंतर ती कंबरेचा फ्लोट धरून गाइडबरोबर निघाली आणि पहिल्यांदा बोलली ते हे, "कुरकुर आवाज येतोय, पण कुठून तेच कळत नाही."

तो पोपटमासा होता, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडणारा. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून दिशा कळत नाही. त्याने खरवडलेल्या प्रवाळाची त्याच्या पोटात पूड होते आणि वाळू बनून बाहेर पडते. हे ऐकल्यावर ताई त्याच माशामागे फिरत राहिली.

काही ठिकाणी प्रवाळ पांढरंफटक होतं. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं रंगीत शैवाल बाहेर टाकतं, आणि त्याचं बहुतेक अन्न त्या शैवालाकडूनच येतं. 2023 पासून जगभर चौथ्यांदा अशी मोठी लाट आली. मी वाचलं होतं, पण त्या पांढऱ्या फांद्यांवरून पोहताना पोटात कालवलं. मेलेलं नाही अजून, उपाशी आहे, असं गाइड म्हणाला.

इथंच माझी चूक झाली. कप्तानाने सांगितलं होतं की आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना दमलेल्या पायांना पाणीच आणून सोडेल. मी मासे बघत उलटी, पाण्याबरोबर वाहत गेले. मान वर केली तर बोट लांब. परत फिरून जोराने पाय मारले, बोट जवळ येईना, धाप मात्र लागली. थांबले, पाठीवर झाले आणि हात हलवला. कप्तान बघतच होता. बोया सोडून तो वळसा घालून वरच्या बाजूला आला, इंजिन बंद केलं आणि बोट वाऱ्या-पाण्यावर हळूहळू माझ्यापर्यंत येऊ दिली. शिडी हातात आली तेव्हा पाय थरथरत होते. तो रागावला नाही, फक्त पाणी प्यायला दिलं आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवलं.

दुपारी समुद्रगवताच्या उथळ पट्ट्यावर गेलो आणि तिथं कासव होतं. हिरवं कासव, मोठं. गाइडने सांगितलं, वर तरंगायचं नाही, बाजूला राहायचं. त्याला श्वासाला वर यावंच लागतं, आणि डोक्यावर माणसं दिसली की ते श्वास न घेताच पळतं. आम्ही चौघं एका बाजूला ओळीने पडून राहिलो.

नंबरच्या काचांतून मला सगळं दिसत होतं. पुढचा एक पाय वाळूत टेकवून ते मान तिरपी करायचं, गवताचा झुबका दातेरी जबड्यात धरायचं आणि मागे हिसका द्यायचं. वाळूचा छोटा ढग उठायचा. एक पात तोंडाच्या कोपऱ्यात तशीच लटकत राहिली होती. पाठीवर शेवाळाचे डाग आणि डाव्या कडेला जुनी खाच. काही मिनिटांनी ते पाय न हलवल्यासारखं वर आलं, बाबांपासून दोनेक हातांवर डोकं बाहेर काढलं, फुस्स करून श्वास सोडला, एक भरला आणि परत खाली, त्याच झुबक्याशी. असं सहा वेळा झालं. भाची मोजत होती. आम्ही तासाहून जास्त वेळ तिथं होतो आणि भोंगा वाजला नाही. शेवटी गारठ्याने आम्हीच निघालो, कासव चरतच होतं.

बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलेल्या भाचीकडे गाइडने फोटो मागितले. कासवाच्या गालांवरच्या खवल्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून ते पुन्हा ओळखता येतं. पण डावा आणि उजवा गाल सारखे नसतात, म्हणून दोन्ही लागतात. तिने सगळे फोटो पुढे-मागे करून पाहिले. आम्ही तासभर एकाच बाजूला होतो. सगळे डाव्या गालाचे.

"उजवा राहिला," ती म्हणाली. बाबांनी पुसायला हातात घेतलेला मास्क तसाच मांडीवर ठेवला आणि कप्तानाला विचारलं, "पुढची अष्टमी कधी आहे हो?"