बिनकड्याचा ओपिनेल सोडवून आणताना

परदेशातून जुना घडीचा चाकू मागवणार असाल तर विकणाऱ्याला पार्सलवर नुसतं ‘चाकू’ लिहू देऊ नका. त्या एका शब्दापायी माझे सात आठवडे गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी ओपिनेल जमवतो. फ्रान्समधल्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली बनवलेला हा शेतकऱ्यांचा चाकू. लाकडी मूठ, एक पातं, बस्स. माझ्याकडचे नऊही कड्याचे. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं ते फिरतं कडं १९५५ मध्ये आलं, त्यामुळे मोठ्या मापाचा बिनकड्याचा म्हणजे त्याआधीचा (छोट्या मापांना आजही कडं नसतं). असा आठ नंबर (ओपिनेलचा नंबर म्हणजे माप) फ्रान्समधल्या एका आजोबांकडे मिळाला. भाव, पैसे, सगळं दोन दिवसांत उरकलं.

आणि पार्सल मुंबईत कस्टम्सला अडकलं.

पहिलं पत्र आलं: ओळखपत्र, बिल आणि वस्तूचं वर्णन पाठवा. पाठवलं. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र, मजकूर तोच. पुन्हा पाठवलं. फोन कुणी उचलेना. शेवटी रजा टाकून स्वतः गेलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग जेवणाची सुट्टी, आणि चार वाजता एका मॅडमसमोर खोका उघडला.

“काका, हे हत्यार आहे.”

“घरगुती चाकू आहे मॅडम. पातं साडेआठ सेंटिमीटर.”

शस्त्र नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तोही घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. त्याची छापील प्रत मी नेली होती. तुम्हीही न्या. मॅडमनी ती पूर्ण वाचली.

“बनवल्याचं वर्ष कुठे लिहिलंय?”

वर्ष कुठेच नव्हतं. मी घरच्या चाकूंचे फोटो मांडले. हा २००० नंतरचा, याचं कडं मिटलेलं पातंही अडकवतं. हा त्याआधीचा, फक्त उघडलेलं अडकवतो. आणि तुमच्या हातातल्याला कडंच नाही, मुठीच्या तोंडाशी नुसती पत्र्याची पट्टी. पात्यावर ओपिनेलचा शिक्का, म्हणजे मुकुटाखालचा हात होता, झिजलेला, तरी बोटं मोजता येतील असा. तो शिक्का १९०९ पासूनचा. म्हणजे १९०९ ते १९५५ मधला.

“उघडून दाखवा.”

उघडेना! जुलैच्या हवेनं लाकूड फुगलं होतं. नख तुटायची वेळ आली. मग मुठीचं बूड टेबलावर ठोकलं, सावोआतले लोक असंच करतात, आणि पातं बोटभर वर आलं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. ड्यूटी भरून पाच वाजता बाहेर पडलो तेव्हा पिशवी छातीशी धरली होती.

हो, एक राहिलंच. कडं पकडीनं काढून नवा चाकू जुना म्हणून खपवता येतो. पैसे देण्याआधी त्या पट्टीचा जवळून फोटो मागवा. कडं घासल्याची गोल रेघ दिसली तर घेऊ नका. वर्णनात लांबी, लाकूड आणि ‘घरगुती वापराचा’ हे शब्द विक्रेत्याला तुम्हीच लिहून द्या.

चाकू चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. आता पातं नखानं उघडतं.