बीटीआरएफएसवरील कॉम्प्रेशन आणि स्नॅपशॉटपाशी अडलेले घोडे

माझ्या लॅपटॉपच्या २५६ जीबी डिस्कवर जेमतेम १९ जीबी जागा उरली, तेव्हा मी बीटीआरएफएस या लिनक्समधील फाइलसिस्टीमचे (डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीचे) कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून कमी जागेत ठेवण्याची सोय, चालू करायचे ठरवले. भरलेल्या जागेतले ४० जीबी निव्वळ मराठी मजकुराचे होते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे असा मजकूर दाबला की फार जागा वाचते. डिस्क कशा जोडायच्या हे ठरवणाऱ्या एफएसटॅब फाइलमधील संबंधित ओळीत ‘कॉम्प्रेस=झेडएसटीडी:१’ हा पर्याय (झेडएसटीडी ही दाबण्याची एक पद्धत) लिहून लॅपटॉप पुन्हा सुरू केला; पाच मिनिटांचे काम.

हा पर्याय केवळ नव्याने लिहिल्या जाणाऱ्या माहितीला लागू होतो, हे मला ठाऊक होते. म्हणून जुन्या फाइली पुन्हा लिहून घेण्यासाठी मी मराठी मजकुराच्या फोल्डरवर डीफ्रॅगमेंटची (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लिहिण्याची) आज्ञा झेडएसटीडीच्या पर्यायासह चालवली. ती संपल्यावर पाहतो तर मोकळी जागा वाढण्याऐवजी ९ जीबीवर आलेली! फोल्डरने व्यापलेली जागा मोजणारी डीयू ही आज्ञा तो फोल्डर अजूनही ४० जीबीचाच असल्याचे सांगत होती. आज्ञा पुन्हा चालवूनही आकडे हलले नाहीत आणि माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या.

बीटीआरएफएसवर डीयू फाइलींचा मूळ, न दाबलेला आकार दाखवते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. दाबल्यानंतरचा खरा आकार दाखवणारे कॉम्पसाइझ हे साधन बसवले, तेव्हा मजकूर प्रत्यक्षात १० जीबीत मावल्याचे कळले. मग जागा गेली कुठे? माझ्या यंत्रणेत दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, घेतले जात होते. स्नॅपशॉट आणि चालू फाइली डिस्कवरचे तेच भाग वाटून घेतात. डीफ्रॅगमेंटने फाइली नव्या जागी लिहिताच ही वाटणी तुटली, आणि जुने ४० जीबी स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असताना नव्या १० जीबींची त्यात भर पडली. या आज्ञेच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. मी ज्या मार्गदर्शनांवर भरवसा ठेवला, त्यांत मात्र त्याचा उल्लेखही नव्हता, आणि याचा राग मला अजून येतो.

बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून मी जुने स्नॅपशॉट पुसले. जागा लगेच परत येत नाही, कारण सफाई पार्श्वभूमीवर चालते. त्या वेळी घाबरून दुसरे काही पुसू नये. काही मिनिटांनी मोकळी जागा ४९ जीबी दिसली, तेव्हा फार हायसे वाटले.

आधीच सांगायला हवे होते, ते असे की फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या ३४ पासूनच्या डेस्कटॉप आवृत्त्यांत नव्या इन्स्टॉलेशनला हे कॉम्प्रेशन आपोआप चालू असते, त्यामुळे एफएसटॅबला हात लावण्यापूर्वी तिथे काय लिहिले आहे ते पाहावे. छायाचित्रे आणि व्हिडिओ मुळातच दाबलेले असल्याने त्यांच्यात जवळजवळ काहीच वाचत नाही, आणि कॉपी-ऑन-राइट (बदललेला भाग जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) फाइलींना तर हा पर्याय लागूच होत नाही.