संमतिपत्रातलं पाकीट

आतड्याच्या ऑपरेशनची कन्सेंट घ्यायला मी बसलो होतो. हॉस्पिटल जर्मनीतलं, आजी हंगेरीच्या, आणि दुभाष्याचं काम त्यांचा मुलगा करत होता. मी चार वाक्यं बोलायचो, तो एकात उरकायचा. रक्तस्राव, टाके सुटणं, पोटावर शौचाची पिशवी लागण्याची शक्यता... एका वाक्यात हे कुठून मावणार! आजी मान डोलावत होत्या. सही करून त्यांनी फॉर्म घडी घालून दिला. घडीत पाकीट होतं.

मी ते तिथल्या तिथे परत केलं, तर आजींचा चेहराच उतरला. पैसे नाकारले म्हणजे डॉक्टरने आपल्याला नाकारलं! हंगेरीत याला 'हालापेन्झ' म्हणतात, कृतज्ञतेचे पैसे. २०२१ पासून तिथे ते देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. आजींचं आयुष्य मात्र त्याआधीच्या रीतीत गेलेलं.

मी फोनवर दुभाषी बाई घेतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. इथे २०१३ च्या कायद्याने माहिती तोंडी आणि रुग्णाला कळेल अशीच द्यावी लागते. पिशवीचं ऐकताच आजींनी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मग प्रश्न सुरू झाले. पिशवी कायमची का? ऑपरेशन तुम्हीच करणार ना? नाहीच केलं तर? शेवटी त्या हळूच काहीतरी पुटपुटल्या. दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या विचारताहेत, एवढं सांगितल्याचे किती द्यायचे?"

मला हसू आलं नाही. भारतात शिकताना मी बायकांच्या फॉर्मवर नवऱ्यांच्या सह्या बिनदिक्कत घेतल्यात. आणीबाणी नसेल तर सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमतीही चालत नाही, असं समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं होतं. वॉर्डात ते कुणी सांगितलं नाही. आणि आपल्याकडचा 'कट', म्हणजे रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारं कमिशन! पाकीट निदान रुग्णाच्या हातून जातं. कटमध्ये त्याला फक्त तपासणीची चिठ्ठी दिसते. जर्मनीनेही फार मिरवू नये. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने औषध कंपनीकडून पैसे घेतले तर ती लाच ठरत नाही, असा निकाल इथे २०१२ मध्ये लागला होता. कायदा बदलायला २०१६ उजाडलं.

आजींनी सही केलेला फॉर्म मागून घेतला, फाडला आणि कोरा घेऊन घरी गेल्या. दोन दिवसांनी तो परत आला. सही नव्हती. मागच्या बाजूला हंगेरियनमध्ये आणखी सहा प्रश्न लिहिले होते.