तांडेलांना चष्मा दिला नाही तो दिवस

गेल्या वर्षीची जूनमधली गोष्ट. मालवणपासून थोडं पुढे किनाऱ्यावरच्या एका वाडीत आमचं डोळे तपासणीचं शिबिर होतं, मच्छिमार सोसायटीच्या हॉलमधे. किनाऱ्यावरची शिबिरं मी मुद्दाम जूनमधे लावून घेतो, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात सापडतात. एरवी पहाटे समुद्रात गेलेला माणूस लिलाव उरकून घरी येईपर्यंत आमची जीप परत गेलेली असते. आणि दुसरं म्हणजे ह्याच दिवसांत जाळी सांधायचं काम चालतं, जाळं मांडीवर घेतलं की कुणाला दिसतंय आणि कुणाला दिसत नाही ते लगेच कळतं, पंचेचाळिशीचा माणूस हात लांब करून करून जाळं धरतो आणि शेवटी हात संपतो.

मी डोळे तपासायचं काम करतो, सरकारी नोकरी, सतरा वर्षं झाली. डोळ्यांचा सर्जन नाही, नंबर काढणं, मोतीबिंदू शोधून ऑपरेशनला पाठवणं, शाळेतली मुलं तपासणं हे माझं काम. त्या दिवशी सकाळी भिंतीला चार्ट लावला, सहा मीटर मोजून खुर्ची ठेवली, लेन्सची पेटी उघडली, तोवर बाहेर साठेक माणसं जमली होती आणि पाऊस धरलेला, त्यामुळे हॉलमधे काळोख आणि उकाडा दोन्ही.

शिबिरात बहुतेकांचं एकच असतं, चाळिशी. आपल्या भाषेत वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही, इतकं ते ठरलेलं आहे, तरी लोक घाबरतात, डोळे गेले म्हणतात. मी त्यांना नारळाचं उदाहरण देतो. लहानपणी डोळ्यातलं भिंग शहाळ्यातल्या मलईसारखं मऊ असतं, जवळचं बघायचं तर ते सहज फुगून आकार बदलतं. वय वाढत जातं तसं त्याचं खोबरं होत जातं, मग ते वाकत नाही, लांबचं दिसतं पण हातातलं पुसट. ह्यात रोग काही नाही, सगळ्यांनाच होतं, फक्त कुणाला दोन वर्षं आधी कुणाला नंतर. पुढे साठीपर्यंत नंबर थोडा थोडा वाढतो आणि मग साधारण थांबतो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हे तर अजिबात खरं नाही, तो वयाने वाढतो, चष्मा नाही लावलात तरी वाढणारच. माझी स्वतःची चाळिशी लागली तेव्हा मीसुद्धा पाच-सहा महिने काढले, ड्रॉपच्या बाटलीवरची तारीख सिस्टरना वाचायला सांगत होतो. ती तारीख चुकली असती तर पेशंटच्या डोळ्यात काय गेलं असतं हे आठवलं की अजून बरं वाटत नाही. त्यामुळे लोक का टाळतात ते मला कळतं.

आणि हे साधं काम आहे म्हणून कमी दर्जाचं आहे असं मला कधी वाटलं नाही. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ साली छापून आला, अर्ध्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, अर्ध्यांना नंतर, तर चष्मा मिळालेल्यांचं पानं खुडायचं काम बाकीच्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. चहाचं पान काय आणि जाळ्याचा आस म्हणजे जाळ्यातलं एकेक घर काय, नजरेचंच काम.

असो. अकरा वाजले असतील. एक गृहस्थ आले, अठ्ठेचाळीस वय, तांडेल, स्वतःची बोट चालवणारे, अंगाने उंच पण गळ्याची हाडं वर आलेली. बरोबर बायको. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"डॉक्टरानू, माका लांबचो चष्मो होयो. जवळचा एकदम फस्क्लास दिसता. गेल्या वर्साक सुयेत दोरो ओवूक झिलाक हाक मारूची लागत होती, आता मियां तसोच ओवतंय. देवळात गाऱ्हाणा घातला होता, देवान ऐकल्यान. पण लांबचा सगळा धुवट झाला हा."

मी म्हटलं कधीपासून. तर म्हणाले महिना झाला असेल. बंदी लागायच्या आधी शेवटच्या फेरीला बंदरात शिरताना दिव्यांना पिसारे आल्यासारखे दिसत होते, कडेचे खडक ओळखीचे म्हणून निभावलं.

हे ऐकताना माझे कान उभे राहिले, पण बाहेर गर्दी, मी आधी नजर घेतली. दोन्ही डोळे ६/३६, म्हणजे छत्तीस मीटरवरून दिसायला हवं ते ह्यांना सहा मीटरवरून दिसतंय. बारीक भोकाचं झाकण डोळ्यापुढे धरलं तर ६/९. म्हणजे नंबरचा प्रश्न, डोळ्याच्या आतला मागचा पडदा बराचसा ठीक असणार. उणे दोनची लेन्स घातली आणि चार्टची खालची ओळ धडाधड वाचली, खूश झाले. जवळचा तक्ता दिला, चष्म्याशिवाय सगळ्यात बारीक अक्षरं वाचली.

आता कागदावर हे सगळं जुळतं. उणे दोन नंबरच्या माणसाला हातभर अंतरावरचं चष्म्याशिवाय दिसतंच. चिठ्ठी लिहायची, पुढचा माणूस. दोन मिनिटांचं काम. आणि इथेच मला ती बाई आठवली. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी अशाच एका शिबिरात मी एका बाईंना असाच लांबचा चष्मा दिला होता, त्यांनी मासे विकून साठवलेल्या पैशातून तो केला आणि दोन महिन्यांनी परत घेऊन आल्या, ह्यातून तर काहीच दिसत नाही म्हणाल्या. तेव्हा सिनियर सरांनी मला एकच प्रश्न विचारला, साखर बघितलीस का? मी बघितली नव्हती. त्या बाईंचे दोन महिने माझ्यामुळे गेले, औषधाविना. त्यानंतर मी ते विसरलेलो नाही.

कारण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी महिन्याभरात उणे दोन नंबर असा कुणाला लागत नाही. लागला तर दोनच गोष्टी आधी डोक्यात याव्यात. एक, मोतीबिंदूची सुरुवात, त्यातही भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि म्हातारी माणसं सांगतात की माझी नजर परत आली, चष्मा सुटला, पण ते सावकाश होतं, वर्ष दोन वर्षांत. दुसरी म्हणजे साखर.

रेटिनोस्कोपने बघितलं, भिंग स्वच्छ. मग विचारलं, रात्री कितींदा उठूक लागता?

"तीन-चार येळा. पाणीपण तितक्याच पितंय ना, उकाडो हा."

बायको इतका वेळ गप्प होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "उकाडो खयचो! पावस पडता तरी तांब्यो उशाक लागता. हे बारीक झाले हत, पॅन्टीक दोरी बांधतत, पण आयकणत नाय."

सिस्टरना म्हटलं ह्यांचं बोट टोचा. मशीनवर आकडा आला ४१२. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, परत पुसून दुसऱ्या बोटातून घेतलं, चारशेच्या वरच.

मग मी चष्म्याची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, आजच जा म्हटलं, उद्या नाही. तांडेल चिडले. सगळ्यांसमोर मोठ्याने, "चष्मो देवचो नाय तर माका हय बसवलात कित्याक? लेन्स घातलात तेव्हा सगळा दिसला माका, तीच द्या." त्यांचं चुकीचं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांनी त्यांना खरंच दिसलं होतं. त्यात देवाने दिलेली नजर हा साखरेचा परिणाम आहे असं मी म्हणत होतो, ते मनाला लागणारच.

गर्दी थांबवली, त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, काळे वाटाणे रात्री भिजत घातले की सकाळी कसे फुगतात? रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या पाण्यातही वाढते, ती भिंगात शिरते आणि मागोमाग पाणी ओढून घेते. भिंग फुगलं म्हणून जवळचं दिसायला लागलं आणि लांबचं गेलं. आज मी ह्या फुगलेल्या भिंगाचा चष्मा दिला तर साखर उतरल्यावर तो तुमच्या काही कामाचा नाही. इंजिन तापलंय आणि तुम्ही मला काटा बदलून मागताय. ते काही बोलले नाहीत. बायकोने चिठ्ठी घेतली, घडी करून ब्लाऊजमधे ठेवली आणि म्हणाल्या, चला. त्या गेल्या म्हणून ते गेले, एवढं नक्की.

ती संध्याकाळ मला जड गेली. शिबिरात त्रेपन्न जणांना चाळिशी दिली, एका आजीने तिथल्या तिथे सुपातले तांदूळ मागवून खडे वेचून बघितले, लोक हसत होते, छान दिवस होता खरं तर, पण डोक्यात तेच, गेले असतील का दवाखान्यात.

गेले होते. डॉक्टरांनी सुरुवातीला इन्सुलिन दिलं, मग गोळ्या, जेवणाचं सांगितलं. आणि तीन आठवड्यांनी जुलैच्या पावसात भिजत तांडेल माझ्या ओपीडीत, आधीपेक्षा जास्त चिडलेले.

"तुमच्या औषधांनी माझी नजर नेली! सुयेचा भोकपण दिसना नाय आता."

हे मला अपेक्षित होतं आणि मीच त्यांना शिबिरात नीट सांगितलं नव्हतं, घाईत राहून गेलं, ती चूक माझी. साखर झपाट्याने खाली येते तेव्हा भिंगातलं पाणी उतरतं आणि नंबर उलट्या बाजूला जातो, काही आठवडे जवळचं फारच पुसट होतं. कितीतरी लोक ह्याच टप्प्यावर गोळ्या बंद करतात, औषध गरम पडलं म्हणतात. म्हणून मी ही गोष्ट एवढी लांबण लावून लिहितोय, तुमच्या घरात कुणाला नवीन साखर निघाली आणि औषध चालू केल्यावर डोळे बिघडल्यासारखे वाटले तर गोळी थांबवू नका, डॉक्टरांना सांगा आणि चष्मा करायची घाई करू नका, साखर काही आठवडे एका पातळीवर राहू दे मग नंबर काढा.

त्यांना नजर घेऊन दाखवली, लांबचं ६/९ आलेलं, चष्म्याशिवाय. तेव्हा जरा शांत झाले. तेवढ्या दिवसांत जिल्हा रुग्णालयात ड्रॉप घालून पडदाही बघून घेतला, दोन-चार बारीक लाल ठिपके होते, अगदी सुरुवातीचे. त्यावर लगेच काही करावं लागणार नव्हतं, साखर आवरायची आणि दर वर्षी पडदा बघायचा. हे ठिपके दुखत नाहीत, दिसायलाही कमी करत नाहीत, आणि रस्त्यावरून शंभर रुपयांची चाळिशी घेतली तर कुणाला कळतही नाहीत. काचबिंदूचं पण सुरुवातीला बहुतेकदा तसंच. रेडीमेड चष्मा वाईट असतो असं मी म्हणत नाही, दोन्ही डोळे सारखे असतील तर चालतो, मीही शिबिरात तोच देतो, पण पहिला चष्मा घेण्याआधी एकदा डोळे कुणीतरी आतून बघावेत एवढं माझं म्हणणं आहे.

नारळी पौर्णिमेच्या आधी चार-पाच दिवस ते शेवटच्या तपासणीला आले, साधारण सात आठवड्यांनी. लांबचा नंबर जवळजवळ शून्य. उणे दोन कुठे गेला पत्ता नाही. जवळचा मात्र वयाप्रमाणे दीड, म्हणजे साधी चाळिशी, गेल्या वर्षी झिलाला, म्हणजे मुलाला, हाक मारायला लावणारी तीच. ह्यावेळी ते सुई आणि जाळ्याचा तुकडा पिशवीतून घेऊनच आले होते. ट्रायल फ्रेम नाकावर, दीडच्या लेन्स, तुकडा गुडघ्यावर ताणला, फाटलेला आस शोधला, सुई आतून घेतली, बोटाच्या मापाने दोरा ओढला, गाठ आवळली. मग दुसरी. तिसऱ्या गाठीला त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडून दिलं आणि सांधतच बसले, बाहेर लाईन होती, पण मी काही बोललो नाही. पूर्ण भोक बुजल्यावर तुकडा उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "हो चष्मो माझो."

डिसेंबरमधे त्या बाजूला गेलो होतो तेव्हा बोट बंदरात होती, त्यांनी वर बोलावलं. चष्मा नायलॉनच्या दोऱ्याने गळ्यात. केबिनमधे इंजिनचं ऑईल कधी बदललं ते खडूने लिहिलेलं असतं, तसं होतं, आणि त्याच्याखाली झिलाच्या अक्षरात आणखी एक ओळ, डोळ्याचो पडदो, जुलै.